ओढ्यावरून आलेला शब्द

गावाला गेले की मी आधी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन येते. मग चार घरी चहा पिते, आणि दुपारी सगळे आडवे झाले की काठी घेऊन मळ्याची वाट धरते. "आता काय ठेवलंय तिथं, आत्या?" असं भाचेसून दर खेपेला विचारते. तिचं काही चुकत नाही. पाटाची जागा नळ्यांनी घेतली, ओढ्यात बाभळी माजल्या, आणि खालचं शेत कुणा परक्यानं विकत घेऊन त्यात द्राक्षं लावली. पण बांधाच्या कोपऱ्यावरचा तो दगड कुणी हलवलेला नाही. काळा, बसका, मधोमध खाच पडलेला. खाचेत आता वाळलेली पानं साचतात. मी ती बोटांनी काढून टाकते आणि दगड कोरडा असूनही पदरानं पुसते. भाचेसुनेनं हे पाहिलं तर मला सांगलीला डॉक्टरकडे घेऊन जाईल.

आमचं गाव सांगलीपासून बैलगाडीनं सकाळी निघालं की दुपारी पोचावं एवढ्या अंतरावर. ओढ्याला दगडमातीचा बांध घालून पाणी पाटात घेतलेलं, आणि पाट आमच्या मळ्यातून खाली तात्यांच्या मळ्यात जायचा. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वडिलांना सगळी भावकी आप्पा म्हणायची, म्हणून मीही आप्पाच म्हणे. एक दिवस पाणी आमचं, एक दिवस त्यांचं, आणि पाळी बदलायची ती दिवस उगवताना, या दगडापाशी. आप्पा खाचेतली माती खोऱ्यानं ओढून पाणी खाली सोडत आणि तोंडाला हात लावून हाक देत, "सोडलं रंऽऽ!" पाणी पाटानं हळूहळू खाली जाई. ते आपल्या वाफ्यात शिरलेलं दिसलं की खालून तात्यांची हाक येई, "आलं रंऽऽ!" ती ऐकू येईपर्यंत आप्पांनी दगड सोडायचा नाही अशी रीत होती. वाटेत एखाद्या खेकड्यानं बीळ पाडलेलं असलं तर पाणी भलतीकडेच जिरून जातं, म्हणून. मला मात्र लहानपणी वाटे की ही दोघांची सकाळची प्रार्थनाच आहे.

त्या हाकेनं मी आणि राजी जागी होत असू. राजमती तात्यांची मुलगी, माझ्याच वयाची. मी वरच्या मळ्यातली, ती खालच्या. आम्ही दोघी पाटातच वाढलो म्हटलं तरी चालेल. पाटाच्या काठाची गार काळी माती, तिच्यात रुतलेली पावलं, कमरेपर्यंत वाढलेल्या हळदीच्या पानांचा तो वास! हळद दुकानात मिळते तिला तो वास नसतो. पान चुरगळलं की हाताला येतो, आणि जेवताना भाकरीलाही लागतो. दिवस मावळायच्या आत दोन्ही घरची जेवणं उरकत, मग आम्ही पाटावर खरकटे हात धुवायला धावायचो. राजीला माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडता येई. बापे जशी हाक देत तशी ती चोरून देऊन बघे, आणि तिच्या आईचा धपाटा खाई. "पोरीच्या जातीनं मळ्यात बोंबलायचं न्हाई," असं तिची आई म्हणे. राजी पाठ चोळत माझ्याकडे बघून हसायची.

मग एके दिवशी हाका थांबल्या. कशावरून बिनसलं ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मोठेपणी मी विचारलं नाही. पाण्यावरून काहीतरी झालं एवढं खरं. आप्पा पाणी सोडत, दगडाच्या खाचेशेजारी निरगुडीची एक फांदी खोचत आणि न बोलता निघून येत. फांदी दिसली म्हणजे पाणी सुटलं, असं खालच्यानं समजायचं. वाटेत पाणी फुटलं तर फुटलं, पाट कुणी नीट करेना. त्या साली पाटाकडेला जिथं तिथं हिरवळ माजली होती, आणि आमचे काय नि त्यांचे काय, वाफे मात्र तहानलेले.

आम्हा जैनांत पिण्याचं पाणी फडक्यातून गाळून घेतात, आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव जिथलं पाणी तिथंच परत सोडतात. दुसऱ्या पाण्यात सोडून चालत नाही. तेव्हा माझी आई आणि राजीची आई, दोघींना सकाळी ओढ्याच्या एकाच उतारावर यावंच लागे. दोघी एकमेकींकडे पाठ करून फडकी पाण्यात हळुवार बुडवत. "तू का बोलत न्हाईस काकूशी?" असं मी एकदा विचारलं. आई म्हणाली, "भांडन बाप्यांचं हाय. मला का विचारतीस?" पण राजीची आई यायला उशीर झाला तर आई उगाच उतारावर घागर घासत बसे, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या दोघींना बोलायची बंदी झाली. बस्तीत तिला तिच्या आईच्या पलीकडे उभं करत, मला माझ्या आईच्या. मग मी पाटात फुलं सोडू लागले. कण्हेरीचं, गुलबक्षीचं, कधी काहीच नसलं तर हळदीच्या पानाची होडी. आमची पाळी संपून पाणी खाली सुटलं की त्याबरोबर फूल जाई. खालून मात्र काही येण्याची सोय नव्हती, पाणी काही उलटं वाहत नाही. राजीला ती मिळतात की वाटेत गवतात अडकतात, मला कळत नसे, आणि ते न कळणं मला फार लागे. एवढ्याशा जिवाला एवढी हुरहुर कशी मावत होती कोण जाणे.

अशात मला सांगलीला मामाकडे इंग्रजी शाळेत घातलं. मामाला शिक्षणाची हौस, आणि आप्पांना मामाला नाही म्हणायची भीती. राजीला काही कुणी घातलं नाही. बाहेर चळवळीचे दिवस होते. शाळा कधी भरे, कधी ओस पडे. रॉकेल रेशनवर मिळायचं, म्हणून अभ्यास उजेडी उरकायचा. वर्गातली मुलं सरांना तोंडावर विचारत, "इंग्रज चाललाच आहे, मग त्याची भाषा आम्ही कशाला घोकायची?"

आमचे इंग्रजीचे सर साताऱ्याहून आलेले, मूळचे मेढ्याकडचे. काळी टोपी, ढगळ कोट, आणि खडूनं कायम पांढरी झालेली उजवी बाही. कॉलेजात कुणा पाद्र्याकडून ते लॅटिन शिकले होते आणि त्याचं त्यांना भारी वेड. शनिवारच्या शेवटच्या तासाला ते एकच इंग्रजी शब्द फळ्यावर लिहीत आणि म्हणत, "हं, आता याला गोत्र विचारू." म्हणून मुलं त्यांना गोत्रमास्तर म्हणत. त्यांनी आम्हाला सांगितलं की कॅन्डिडेट म्हणजे मुळात पांढरी वस्त्रं घालून मतं मागत हिंडणारा. सांगलीत तेव्हा पांढऱ्या टोप्यांचा सुकाळ होता, त्यामुळे वर्ग जो हसला तो हसलाच. कॅल्क्युलेट म्हणजे खडे मांडणं. मला आप्पा आठवले. भिजलेल्या वाफ्यागणिक बांधावर एकेक खडा ठेवणारे. समुद्रापलीकडची ती मेलेली भाषा मला आमच्या मळ्यात काम केल्यासारखी वाटू लागली. इंग्रजीचं व्याकरण मला कधी गोड लागलं नाही, पण शनिवारची मी वाट बघायची.

एका शनिवारी सरांनी लिहिलं, रायव्हल. अर्थ विचारला. कुणी वैरी म्हणालं, कुणी दुश्मन, एकानं दंड थोपटून दाखवले. सरांनी फळ्यावर एक वाकडीतिकडी रेघ ओढली आणि तिच्या दोन बाजूंना दोन चौकोन काढले. "हा ओढा," ते म्हणाले. "लॅटिनमध्ये रीवुस. आणि या ओढ्याचं पाणी जे दोघे घेतात ते एकमेकांचे रीवालिस. एका ओढ्यावरचे शेजारी. रायव्हल तो इथून आला."

ती वाकडी रेघ माझ्या ओळखीची होती. सरांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाकडे पाटाचं पाणी आहे?" मुलींच्या बाकावरून मी कधी उठत नसे, त्या दिवशी उठले. पाळीचं सांगितलं, दगडाचं सांगितलं, हाकेचं सांगितलं.

"आणि आता?" सर म्हणाले.

"आता हाक मारत नाहीत. फांदी खोचतात."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "मेढ्याला आमच्याही खाचरांना ओढ्याचंच पाणी. थोरला भाऊ बघतो ते. बरीच वर्षं मी गेलो नाही तिकडे." एवढंच. आणि त्या दिवशी घंटा व्हायच्या आधीच त्यांनी आम्हाला सोडलं.

भाद्रपदात पर्युषणासाठी मी घरी आले. पावसानं ओढ दिली होती. आभाळ स्वच्छ, हळदीची पानं कडेनं वळलेली. गावात शिरतानाच बातमी कळली की राजीचं ठरलंय. मुलगा कृष्णेपलीकडच्या कानडी मुलखातला, लग्न मार्गशीर्षात. दोन घरांत बोलणं नाही म्हणजे आमंत्रण नाही, आमंत्रण नाही म्हणजे जाणं नाही. तिला मी गाडीत बसलेलीसुद्धा बघू शकणार नव्हते. उरली एक क्षमावणी. पर्युषण संपलं की त्या दिवशी आमच्यात घरोघर जाऊन हात जोडतात आणि वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात. त्या दिवशी तरी आप्पा तात्यांच्या दारात जातील, किंवा तात्या आमच्या, अशी आशा मी सगळे उपवासाचे दिवस धरून होते. आईसुद्धा धरून होती, कारण तिनं पितळी तांब्या दोनदा घासून दारात ठेवला होता.

आप्पा सकाळी धुतलेलं धोतर नेसून निघाले. कुंभाराकडे गेले, मांगवाड्यात गेले, ज्याच्याशी वर्षात एक शब्द बोलले नसतील त्याच्याकडेही गेले. तात्यांच्या दारासमोर आले आणि खाली बघत पुढे गेले. तात्याही आले नाहीत. मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्या जीवांची क्षमा मागून झाली, एक चुलतभाऊ तेवढा राहिला. मी माजघरात तोंड दाबून रडले. आई म्हणाली, "रडू नगं. रडून का सुधारतंय?" आणि तिनं दारातला तांब्या उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना मी आप्पांबरोबर मळ्यात गेले. त्यांची पाळी संपत आली होती. ते शेवटच्या वाफ्याचं दारं मोडून पाणी आत घेत होते आणि मी बांधावर बसून बोलत सुटले. सर, फळा, वाकडी रेघ, सगळं. बोललं नाही तर राजी गेली, एवढंच मला कळत होतं.

"लॅटिन म्हंजे कुटलं?" आप्पांनी विचारलं.

"रोमचं. समुद्रापलीकडे आहे."

"तितंबी पाळ्या हुत्या पान्याच्या?"

"होत्या."

"आन भांडनंबी?"

"म्हणून तर त्या शब्दाचा अर्थ वैरी झाला, आप्पा. आधी नुसता एका ओढ्यावरचा माणूस होता."

आप्पा खोऱ्याला लागलेली माती पायानं काढत राहिले. "आदी वढ्यावरचा मानूस," ते स्वतःशीच म्हणाले. मग एकदम विचारलं, "त्यांच्यात हाक द्यायची रीत हुती का गं?"

मला ठाऊक नव्हतं. "सरांना विचारते," मी म्हटलं.

ते दगडापाशी गेले. खाचेतली माती ओढली, पाणी खाली वळलं. निरगुडीची फांदी मोडली, खोचायला वाकले, आणि तसेच थांबले. मग ती फांदी त्यांनी पाण्यात टाकून दिली. घसा खाकरला. एकदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"सोडलं रंऽऽ!"

खालून काही नाही. बाभळीवर होला घुमत होता तेवढाच. पाणी आपल्या चालीनं पाटातून चाललं होतं. आप्पा दगडावर उभे. सूर्य वर आला, गोठ्यात बैल ओरडू लागले, तरी ते हलेनात. एकटक खालच्या मळ्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी देवाचं नाव घेत होते. आज उत्तर आलं नाही तर हा माणूस पुन्हा कधी हाक मारणार नाही, हे मला लख्ख कळत होतं.

आणि उत्तर आलं. पण ते बाप्याचं नव्हतं.

"आलंऽऽ! आप्पाऽऽ, आलंऽऽ!"

राजी! आईच्या धपाट्याची पर्वा न करता, छाती फुटेस्तोवर ओरडत होती. मी उभ्या जागी रडायला लागले. थोड्या वेळानं तात्या बांधावरून वर येताना दिसले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलात माखलेले. येऊन उभे राहिले. आप्पांनी हात जोडले, त्यांनीही जोडले. क्षमावणी एक दिवस उशिरा का होईना, झाली. बोलले काय म्हणाल, तर तात्या म्हणाले, "जांभळीपाशी खेकड्यानं मोटं बीळ पाडलंय रं. निम्मं पानी तितंच जातंय." आणि आप्पा म्हणाले, "चल, बुजवू." दोघे खोरी खांद्यावर टाकून चालू लागले. बाप्यांना एवढंच जमतं, आणि ते पुरतंही.

मार्गशीर्षात लग्न झालं. माजघरात राजीला हळद लागली ती आमच्याच मळ्यातली. तिच्या हातांना मीच लावली. ती हळू आवाजात म्हणाली, "तुजी फुलं यायची गं. समदी आली. म्या मोजून ठेवायची न्हाई, पर वाट बघायची." तिला घेऊन गाडी निघाली तेव्हा मी ओढ्यापर्यंत मागे गेले. बैलांच्या घुंगरांचा आवाज बाभळीपलीकडे गेला, मग तोही ऐकू येईना.

लग्नाच्या आधीच, पर्युषणाची सुट्टी संपल्यावर, सरांना विचारलं होतं, रोमन लोक हाक देत होते का? "ते काही कोशात सापडत नाही गं," ते म्हणाले. दिवाळीला ते सांगलीत राहिले नव्हते हे आम्हाला नंतर कळलं. परत आले ते एक छोटं गाठोडं घेऊन. त्यात तांदूळ होता, नवा, वासाचा. "मेढ्याहून भावानं दिलाय," असं म्हणून त्यांनी त्यातली ओंजळ माझ्या रुमालात बांधून दिली, आप्पांना द्यायला. आईनं तो शिजवला तेव्हा घरभर दरवळला. तसा भात मी नंतर कुठं खाल्ला नाही. आणि इतकी पुस्तकं वाचली, पण शनिवारचा तो तास काही पुन्हा भेटला नाही.

राजी आणि मी जन्मभर भेटत राहिलो, दोन बायकांना संसारातून जेवढं जमतं तेवढं. तिच्या अंगणात शिरताना मी कडी वाजवत नसे. "सोडलं गंऽऽ" म्हणायची, आणि आतून, हातातलं काम टाकून, "आलं, आलं!" नातवंडं आली तरी आमचं हेच. तिच्या बोलण्यात पुढे कानडी इतकं मिसळलं की निम्मं मला कळत नसे, पण ते एक उत्तर कायम आमच्या ओढ्याचं राहिलं. घरी फोन आले तेव्हा क्षमावणीला फोनवरही तेच. गेल्या भाद्रपदात फोन तिच्या सुनेनं घेतला. "मावशी, त्या आता कुनाला वळखत न्हाईत," म्हणाली, तरी तिनं तो राजीच्या कानाला लावला. मी म्हटलं, "सोडलं गं, राजे." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी तो बराच वेळ ऐकला. थंडीत ती गेली.

या खेपेला मी त्यासाठीच आले होते. दगडाच्या खाचेतली पानं काढली, पदरानं दगड पुसला. येताना भाचेसुनेच्या कुंडीतलं गुलबक्षीचं फूल आणलं होतं, ते खाचेत ठेवलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तोंडाला हात लावला. वाटलं होतं आवाज निघणार नाही, पण निघाला.

"सोडलं गंऽऽ!"

खालच्या द्राक्षांत नळी जोडणाऱ्या माणसानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. घराकडून भाचेसून बोलवायला आली, चहा निवतोय म्हणाली. तू हो पुढे, मी म्हटलं. उत्तर येईपर्यंत दगड सोडायचा नाही ही आप्पांची रीत. ऊन उतरून द्राक्षांवर सावली आली, तरी मी काठीवर भार देऊन तिथंच उभी होते.